थोरल्या खाचरातलं देवभात

सरू, तू जाऊन महिना व्हायचाय आणि घरात अजून तुझंच चालतंय. चुलीपाशी बसले की आत्याबाई म्हणतात, सरू कशी अलगद फुंकर मारायची. भाजीत मीठ कमी पडलं की तुझं नाव, जास्त पडलं तरी तुझंच. परवा म्हशीनं पान्हा चोरला, तर म्हणे तिला सरूच्या हाताची सवय. मी या घरातली थोरली जाऊ, तुझ्या कितीतरी आधी आलेली. म्हशीचं शेण मीच काढते, पण माझी सवय तिला काही लागली नाही.

तू होतीस तेव्हा हे सगळं मी तुझ्या तोंडावर बोलायचे. तू हसायचीस, "अक्का, तुमी बी ना," म्हणायचीस आणि हंडा उचलून विहिरीकडे चालू लागायचीस. आपण भांडायला बसावं आणि समोरच्यानं उठून जावं, याच्यासारखं जिवाला लागणारं दुसरं काही नाही. या वेळी तर तू कायमचीच उठून गेलीस. म्हणून माझ्या मंगलच्या शाळेच्या वहीतली मागची पानं फाडून घेतली आणि लिहायला बसले. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं, त्याचा एवढाच उपयोग आता उरलाय.

गेलीस तीही माझ्यावर वरताण करून. तुला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला, हातात कोपरापर्यंत चुडा. सगळा गाव ओसरीत. जी येईल ती बाई तुझ्या पाया पडत होती आणि म्हणत होती, "भाग्याची गं, अहेव गेली." मी तुझे पाय मांडीवर घेऊन बसले होते. रडत होते, खोटं नाही रडले. पण त्या रडण्यातच पोटात कुठंतरी खुपलं, की बघा, हेही हिलाच. असलं कुणापाशी बोलायचं? तुझ्यापाशीच बोलते. तुला माझ्या पोटातलं पहिल्यापासून ठाऊक होतं.

पहिल्यापासून म्हणजे तुझ्या पहिल्या बेणणीपासून. भाताची आवणी होऊन रोपं धरली होती आणि गवत काढायला आपण थोरल्या खाचरात उतरलो होतो. पाऊस नुसता कोसळत होता. माझं माहेर राहुरीकडचं, ऊस-ज्वारीचं. तिकडं हरळी वेगळी दिसते, लव्हाळा वेगळा दिसतो, पीक आपलं वेगळं उभं असतं. काढायला त्रास, पण ओळखायला नाही. इथं येऊन मी कोसळत्या पावसात वाकायला शिकले, इरलं पाठीवर तोलायला शिकले, चिखलात पाय कसा टाकायचा ते शिकले. आत्याबाईंनी एवढं मान्य केलं होतं की राहुरीची असून हिनं भात शिकून घेतलं. ते वाक्य मी बरीच वर्षं जपलं होतं.

आणि तू आलीस. हातातला लग्नाचा चुडासुद्धा अजून वाढवला नव्हतास. मी बेणून पुढं गेलेल्या रांगेत मागून शिरलीस, चालता चालता वाकलीस, एक ठोंब उपटलास आणि माझ्यापुढं धरलास.

"अक्का, हे ऱ्हायलं."

"अगं ते भात हाय," मी म्हणाले. इतकी वर्षं इथं राहून माझी बोलीही इथलीच झाली होती.

"देवभात हाय ते. बुडाशी बघा, जरा लालसर. अन् बसलंय कसं, पाय पसरून."

मी बघितलं. मला ते भातच दिसत होतं. तेच पान, तीच पेरं, तीच उंची. देवभाताची मेख तीच आहे. पसवेपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर पडेपर्यंत, ते भातासारखं दिसतं, भाताचं खत खातं, आणि आपलं भात पिकायच्या आधी त्याचे दाणे झडून चिखलात पडतात. विळा घेऊन जावं तर हाताला नुसती कुसळं लागतात. पडलेले दाणे पुढच्या साली आपणहून उगवतात. तू त्या दिवशी माझ्या रांगेतून ओंजळभर ठोंबं काढलीस. आत्याबाई बांधावर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला माझ्या मागं न लावता पुढं लावलं.

त्याच साली सुगीत बियाण्याचं काम माझ्याकडून गेलं. बियाण्याच्या लोंब्या निवडायच्या, सुकवायच्या, झोडून वेगळ्या कणगीत भरायच्या, हे या घरात मानाचं काम. आत्याबाईंनी ते स्वतःच्या हातानं माझ्याकडं दिलं होतं. तू आल्यावर म्हणाल्या, "औंदा सरूला बघू दे. तिची नजर बारीक हाय." सगळ्यांचं म्हणणं पडलं की माझ्या हातच्या बियाण्यातून देवभाताचा दाणा राबात, रोपांच्या वाफ्यात, जातो आणि राबातून खाचरात. मी हे तेव्हा मान्य केलं नव्हतं, आजही करत नाही. तळ्याचं पाणी वरून येतं, बैलांच्या खुरांना चिखल लागून येतो, पाखरं आणतात. पण घराला बोट दाखवायला माणूस लागतं, पाखरू चालत नाही.

तुला मी त्या कणगीपाशी बसलेली बघायचे. सूप मांडीवर, डोकं खाली, एकेक लोंबी उजेडाकडं धरून बघायचीस. माझी मंगल तुझ्या गुडघ्याला टेकून बसायची आणि विचारायची, काकी, ही चांगली? काकी, ही वाईट? मी हाक मारली की तिला ऐकू जायचं नाही. मी स्वैपाकघरात भांडी आपटायचे. तू एकदा आत येऊन म्हणालीस, "अक्का, या की, दोघी मिळून करू." मी म्हणाले, मला कामं आहेत. तुझ्या हाताखाली बसायचं नव्हतं मला, लोंब्या निवडायचं काम मुळात माझंच होतं.

मग नगरहून शेती खात्याचा माणूस औषध घेऊन आला तेव्हा मला वाटलं, आता हिची नजर कशाला हवी? सगळ्यांच्या आधी मी पुढं झाले. ह्यांना म्हणाले, राहुरीकडं लोक असलं औषध मारतात, आपणही मारू. पाठीला पंप बांधून त्यांनी थोरल्या खाचराच्या एका अंगाला फवारलं. माणूस खरा होता, त्यानं आधीच सांगितलं होतं, "वहिनी, हे रुंद पानाच्या तणावर चालतं. गवताचं याला काही करता येत नाही. आणि देवभात तर भाताचंच भावंड. त्याला मारील ते भातालाही मारील." मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. पुढं झालं ते त्यानं सांगितलं तसंच झालं. रुंद पानाचं जेवढं होतं तेवढं पिवळं पडून गळालं, आणि मोकळी जागा मिळाल्यावर देवभातानं असं अंग काढलं की औषध मारलेली बाजू लांबून ओळखू यायची. त्यातच पाऊस असा, की फवारलेलं निम्मं ओढ्याला गेलं.

तू एक टोमणा मारला असतास तर मी भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मिटलं असतं. तू गुपचूप त्या बाजूला उतरलीस आणि दिवसभर ठोंबं काढलीस. संध्याकाळी तुझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. मी खोबरेल गरम करून दिलं, ते तू लावून घेतलंस आणि म्हणालीस, "अक्का, तुमचं लई ग्वाड हाय." गोड कसलं डोंबलाचं. तेल माझं, पण सगळं घर बघत होतं ते तुझ्या बोटांकडं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू माहेरी घाटाकडं गेलीस आणि येताना गाठोड्यात बी घेऊन आलीस. रोप आलं तेव्हा आम्ही बघतच राहिलो. राबात जांभळा गालिचा. पान जांभळं, खोड जांभळं, आणि दाणा मात्र आपल्यासारखाच. तू भाऊजींना म्हणालीस, "आता हिरवं दिसंल ते समदं काढायचं. पोरगं बी काढील." तसंच झालं. जांभळ्या खाचरात हिरवं देवभात असं उठून दिसायचं की मंगलसुद्धा कमरेवर हात ठेवून म्हणायची, ते बघ आई, तुझ्या पायापाशी. वाटेनं जाणारी माणसं बांधावर थांबायची. दुसऱ्या वाडीवरून बायका बघायला आल्या. दोन सुग्या थोरलं खाचर धुतल्यासारखं निघालं.

आत्याबाईंनी तुझी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळून. मीच त्या चुलीत टाकल्या. तडतडल्या नाहीत फार. मला वाटलं होतं माझीच दृष्ट असली तर चांगल्या तडतडतील.

तेव्हा माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती, तळ्याचा कोपरा. थोरल्या खाचराच्या वर, जिथं तळं दलदलीला लागतं, तिथं देवभात आपणहून उभं असतं. ते कुणी उपटत नाही, कारण ते ऋषिपंचमीचं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या रानातलं काहीच चालत नाही, मग नांगर न लागलेलं हे भातच पानात पडतं. पसवलं की तळ्यात उतरायचं आणि चार-चार लोंब्यांची कुसळं एकत्र धरून गाठ मारायची, म्हणजे दाणा गळून पाण्यात जात नाही, गाठीतच पिकतो. ते सुकवून पुढच्या पंचमीला ठेवायचं. हे मला आत्याबाईंनी शिकवलं होतं. तुझ्या माहेरी देवभात उपटायचे, त्याला गाठी मारायची रीत नव्हती. तू एकदा गाठ मारून बघितलीस आणि लोंबी तुटून हातात आली. मला काय आनंद झाला होता, सांगू? रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग गेलं साल आलं, दुष्काळाचं. देशावर तर काही उगवलंच नाही, माझा भाऊ खडी फोडायच्या कामावर जात होता. आपल्याकडंही पाऊस हात राखून पडला, पण खाचर धरून राहिलं. घरात सगळ्यांची भिस्त थोरल्या खाचरावर होती, त्यातलं राहुरीलाही द्यायचं ठरलं होतं. जांभळं भात छान आलं. हिरवं नावाला दिसेना. आम्ही बेणणी लवकर आटोपली. आणि पसवायच्या वेळी भाऊजी बांधावरून ओरडले.

जांभळ्या ठोंबांवर लांब लाल कुसळं होती. एक-दोन नाहीत, जागोजाग. देवभात जांभळं झालं होतं. आपल्यात बसून, आपल्यासारखं होऊन, आपल्या नाकासमोर वाढलं होतं, आणि ओळखू आलं तोवर दाणे झडायला लागले होते. त्या साली, जेव्हा एकेका शेराला किंमत होती, निम्मं खाचर चिखलात सांडलं.

तुझं तोंड मी बघितलं, सरू. तू पाण्यात उभी होतीस, हातात जांभळं ठोंब, आणि पहिल्यांदा तुला काय करावं ते कळत नव्हतं. मला आतून आनंदाची उकळी फुटली. घरचं नुकसान होत होतं, भावाच्या घरी धाडायचं भात जात होतं, आणि तरी. तुझं चुकलेलं मला बघायचं होतं, किती वर्षं बघायचं होतं.

तिथून आपलं भांडण लागलं ते आजपर्यंत. मी म्हणाले, तुझ्या माहेरच्या गाठोड्यातनंच आलं हे. तू म्हणालीस, "न्हाई अक्का. तुमच्या तळ्यातनं आलं. तळ्यातल्या देवभाताला आपल्या जांभळ्याचं वारं लागलं, नाहीतर आपल्याला त्याचं. दोन साल मिसळत गेलं."

"मग तळ्याचं पोर हिरवं व्हायला पाहिजे हुतं."

"पोर कुणावर बी जातं, अक्का."

घरात कुणी मधे पडेना. तू म्हणालीस, औंदा तळ्याचा कोपरा साफ उपटू, वरून दाणा खाली यायचा थांबला पाहिजे. मी म्हणाले, आणि पंचमीला काय खाऊ, बैलाच्या मानेचं रक्त? तू म्हणालीस, "ऋषींचं काय, अक्का, ते रानातलं काय बी खात्यात. आपल्या पोरांनी काय खायाचं?" मी म्हणाले, कोपरा माझा आहे, त्याला हात लावायचा नाही. पहिल्यांदाच मी घरात 'माझं' म्हणाले असेन. ह्यांनी मान वर करून बघितलं.

कोपरा तू सोडलास. पण दुसरी गोष्ट काढलीस. म्हणालीस, त्यानं जांभळं नेसलं ना, मग आपण पुन्हा हिरवं नेसू. या साली आपलं जुनं हिरवं भात लावू, म्हणजे जांभळं दिसेल ते उपटायचं. पुढं परत आलटून पालटून, त्याला सवय होऊ द्यायची नाही. भाऊजी म्हणाले, करू. ह्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणाले, हे शेवटचं. औंदा खाचर साफ झालं नाही तर थोरलं खाचर पड टाकायचं, असलं तण पोसत बसायचं नाही. पडीक म्हणजे गेलंच की ते. घरची निम्मी चूल त्या खाचरावर पेटते.

मी काय म्हणणार? मला ते सुचलं नव्हतं. राग आला तो त्याचाच. रंगाचा डाव उलटा फिरवायचा, इतकी साधी गोष्ट, आणि ती तुलाच सुचायची.

आवणी झाली. आणि जांभळं वर दिसायच्या आधी तू अंथरुणाला खिळलीस. ताप उतरेना. ओढे भरलेले, एसटी बंद, तुला झोळीतून तालुक्याला नेलं आणि परत आणलं. मी तुझ्या उशाशी बसायचे. बाकीचं कोण बसणार, तुझ्या अंगाला हात लावू द्यायची नाहीस कुणाला, आणि माझ्या हातची पेज मात्र प्यायचीस. एक दिवस डोळे उघडलेस आणि विचारलंस, "अक्का, जांभळं दिसाया लागलं का?"

"लागलं."

"उपटलं का?"

"तू ऊठ आणि उपट," मी म्हणाले.

आपलं शेवटचं बोलणं ते. आता घरात कुणी विचारलं, सरू शेवटी काय म्हणाली, की मी सांगते, पाणी मागितलं. त्यांना आपलं भांडण कशाला दाखवू? मला खरंच वाटलं होतं की माझ्यावर रागावून तरी उठशील. इतकी वर्षं तुला माझा राग येत नव्हता, एकदा यायला काय हरकत होती?

तुझे दिवस घातले, सुतक फिटलं, ऋषिपंचमी झाली. मी गेल्या सालच्या गाठींचं देवभात शिजवलं. आत्याबाईंनी पहिला घास बाजूला काढून ठेवला, तुझ्यासाठी. पंचमी मी केली, गाठी मी मारल्या, आणि पहिला घास तुला. तुला तर ते आवडायचंही नाही, चरबट लागतं म्हणायचीस.

तोवर बेणायला खाचरात कुणी उतरलं नव्हतं. मी गेले तर काय, हिरव्यात जांभळंच जांभळं, आणि वर पसवायला लागलेलं. दाण्यात नुकतं दूध भरत होतं. थोडे दिवस गेले असते तर सगळं झडून चिखलात, आणि पुढच्या साली ह्यांनी खाचर पड टाकलं असतं. मी एकटी उतरले. एका दुपारात एक कोपरासुद्धा होईना. भाऊजी बांधावर बसून होते, त्यांना हाक मारावी असंही वाटेना. घरी येऊन आत्याबाईंना म्हणाले, सावडीला वाड्यांवरच्या बायका बोलवा. त्या म्हणाल्या, "आता कोन येनार? समद्यांची कामं हायती."

आल्या की नाही बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेले तर आधीच बायका खाचरात उतरलेल्या. वरच्या वाडीच्या, खालच्या वाडीच्या, इरली पांघरून. मी कुणाला बोलावलं नव्हतं. मी विचारलं तर खालच्या वाडीची ठकूबाई म्हणाली, "सरूनं माझं खाचर बेनलं हुतं, मी बाळंतीण हुते तवा." दुसरी म्हणाली, मलाबी तिनंच ओळखाया शिकवलं. तू कधी गेली होतीस यांच्याकडं? मला वाटायचं माहेराहून येताना तू वाटेत उशीर लावतेस. दिवसभर त्या वाकून उपटत होत्या आणि तुझ्या गोष्टी सांगत होत्या. मी हाक मारली असती तर यातली एक तरी आली असती का, हा विचार करत मी पण वाकले होते. ठकूबाईनं माझ्याकडं बघून म्हणावं, "थोरल्या बाई, तुमाला बी नजर आली की सरूची." मी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांनी बघतेय, आणि उजेडात काही दिसलं तर ते तुझ्या डोळ्यांनी.

दोन दिवसांत खाचर हिरवं झालं. ह्यांनी बांधावरून फिरून बघितलं आणि पड टाकायची गोष्ट काढली नाही. जांभळ्याचे ढीग आम्ही चिखलात न ठेवता बांधावर चढवले आणि म्हशीला घातले. म्हशीनं पोटभर खाल्लं आणि पान्हाही सोडला. ते बरं केलं तिनं.

काल आत्याबाई मला म्हणाल्या, "औंदाचं बी तू निवड." मी भाकरी थापत होते. या वाक्यासाठी मी किती वर्षं झुरले, तुला ठाऊक आहे. ते मला तुझ्याकडून हिसकावून घ्यायचं होतं. तू समोर बसलेली असतीस, कणगी माझ्या मांडीपुढं असती, मी लोंबी उजेडाकडं धरून म्हणाले असते, सरू, ही राहिली होती तुझ्या नजरेतनं. असं उरलंसुरलं मला नको होतं. तरी मी हो म्हणाले. दुसऱ्या कुणाला कशाला देऊ?

दुसरी कुणी म्हणजे येणार आहेच. आत्याबाईंनी भाऊजींसाठी बघायला सुरुवात केलीय. भाऊजी नको म्हणतात, पण किती दिवस म्हणतील? येईल ती, तुझ्या चुलीपाशी बसेल, तुझ्या हंड्यानं पाणी आणेल. येऊ दे. पहिल्याच बेणणीला मी तिच्या मागं चालणार आहे, आणि तिनं सोडलेलं ठोंब उपटून तिच्यापुढं धरणार आहे. आणि सांगणार आहे, सरू असं सोडायची नाही. फुंकर मारेल तेव्हा सांगणार, सरू अशी मारायची. रोज सांगणार. तिच्या जिवाचा तिळपापड होईस्तोवर सांगणार. तुझी बरोबरी मला करता आली नाही, तर तिला कशी करू देईन?

आणि आज दुपारी मी तळ्याच्या कोपऱ्यात गेले, गाठी मारायला. लोंब्या पसवल्यात. आत पाऊल टाकलं आणि बघितलं, हिरव्या देवभातात जांभळी ठोंबं. खाली नाही, वर, तळ्यात, माझ्या कोपऱ्यात. तुझं जांभळं तिथं चढलं होतं की माझं देवभात खाली उतरलं होतं, कुणी सांगावं? भांडण आपलं तसंच राहिलं. ते पोर तुझं आणि माझं, दोघींचं होतं सरू. फक्त रंगावर तुझ्या गेलं.

मी सगळं उपटलं. जांभळं उपटलं, हिरवं उपटलं, गाठी मारायला एक लोंबी ठेवली नाही. तू बरोबर होतीस म्हणून नव्हे, ते मी कधी म्हणणार नाही. पुढच्या ऋषिपंचमीला माझ्या पानात नुसती रानभाजी असेल. आत्याबाई विचारतील, देवभात कुठंय, आणि मी सांगेन, सरूला विचारा. मग दिवसभर अर्धपोटी बसून मी तुझ्यावर चरफडेन. तेवढं तरी माझ्याकडं राहू दे.